कावळ्याने खाल्लेला हलवा

सोमवार, ३ डिसेंबर २००७

केतीने आज माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर एका गोऱ्या माणसाचा फोटो चिकटवला. डोक्यापासून बुटापर्यंत काळं. नाक लांब, मान तिरकी, ताटातलं कधी उचलू अशी नजर. म्हटलं, हा कावळा कोण? खोली दोघींची आहे, मला विचारायचं नाही का?

"आजी, ही इज लाइक गॉड ला." इथल्या पोरांसारखं प्रत्येक वाक्याला शेवटी ला.

इंग्लंडातला सगळ्यात मोठा शिंपी आहे म्हणे. शिंपी म्हटलं की नात चिडते. डिझायनर म्हणायचं. मी कावळाच लिहिणार. वही माझी आहे.

जानेवारीत इथे सिंगापूरला येतोय. केतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांनी केलेले कपडे बघणार आणि एकाला लंडनला नेणार, आपल्या हाताखाली. एकालाच.

म्हटलं, मग तुझा नंबर लागत नाही.

"यू सो निगेटिव्ह!"

खरं बोललं की इथे निगेटिव्ह होतं. मुलगा अंत्या ऑफिसातून आल्यावर त्याच्याकडून पलंग फिरवून घेतला. आता कावळा पायाशी आहे, झोपताना पाय त्याच्याकडे.

बुधवार, ५ डिसेंबर

मेथी निवडायला घेतली तर केती मासिक घेऊन शेजारी बसली. काम करायला नाही. कावळ्याचं चरित्र वाचून दाखवायला. इंग्रजीतलं वाचायची आणि मोडक्या मराठीत सांगायची.

बाप मासळी विकायचा. हा पंधराव्या वर्षी शाळा सोडून मयताचं सामान करणाऱ्यांकडे कामाला लागला. तिकडे मेलेल्याला नवे कपडे घालून पेटीत ठेवतात. ते कपडे पाठीकडून उघडे शिवायचे, म्हणजे प्रेत वळवायला नको, वरून नुसते खोवले की झालं. दहा वर्षं तेच केलं त्याने. मग तसलेच पाठ उघडी टाकलेले कपडे जिवंत बायकांसाठी शिवले आणि मोठा झाला! बायका रांगा लावून प्रेताचे कपडे घेत होत्या. मी हसले तर केती म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे, तो रेव्होल्युशन होता.

पुढे एका मोठ्या कंपनीने त्याचं दुकान घेतलं, नावासकट. मग भांडण झालं, याला हाकलला. नाव कंपनीकडे राहिलं. आता तो आपल्याच नावाने कपडे विकू शकत नाही. कपड्याला आत नावाची चिठ्ठी असते ना, ती कोरी लावतो. केतीच्या डोळ्यांत पाणी. "आजी, इमॅजिन! स्वतःचं नाव!"

इमॅजिन कशाला करू? मी साताऱ्याची द्वारका. लग्नात ताटभर तांदळात ह्यांनी अंगठीने सुशीला लिहिलं, भटजी म्हणाले वाचा, सगळ्यांनी वाचलं, संपली द्वारका. त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल. मी कुठे मासिकात छापून आणलं?

मेथीत अळी निघाली.

रविवार, ९ डिसेंबर

जेवताना भांडण. केतीचा कपडा सगळा काळा असणार आहे. सूनबाई शुभदा म्हणाली, शेवटची परीक्षा आहे, काळं कशाला, थोडा तरी रंग घाल. केती म्हणाली, मम्मी, यू डोन्ट अंडरस्टँड. मग तिने माझ्याकडे बघितलं. "आई, तुम्ही तरी सांगा हिला. आपल्यात काळं चालतं का?"

सून माझी मदत मागते तेव्हा तिला माझं मत नको असतं, माझं वजन हवं असतं. तरी बोलले. काळं फक्त संक्रांतीला. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवायची आणि अंगभर हलव्याचे दागिने घालायचे.

केतीचा घास हातातच. हलव्याचे म्हणजे? म्हटलं, साखरेचे. तिळावर पाक चढवून पांढरे काटेरी दाणे करायचे, ते दोऱ्यात गाठून हार, बांगड्या, बिंदी, कंबरपट्टा. मग हळदीकुंकू झालं की पोरं तोडून खातात.

"खातात? दे ईट द ज्वेलरी?"

तिथेच कळलं, तोंड उघडायला नको होतं.

लगेच मला चंद्रकळा दाखव. माझ्या ट्रंकेत आहे हे तिला कोणी सांगितलं? अंत्याने. लहानपणी त्यात लपायचा. नाही म्हटलं. सासूने दिलेलं लुगडं आहे, हसून दिलं नव्हतं, पण दिलं होतं. कावळ्याला दाखवायला नाही ठेवलं.

गुरुवार, १३ डिसेंबर

दिली. चार दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही. घरात माणसं चार, पण माझ्याशी नीट भांडणारी तेवढी एकच. अंत्या "हो आई" म्हणतो आणि टीव्ही बघतो. शुभदा "असू दे आई" म्हणते आणि दार लावून घेते. भांडण नसलं तर या टॅम्पिनीस वस्तीतल्या दहाव्या मजल्यावर दिवसभर करायचं काय? खालच्या मिसेस टॅनशी मी मराठीत बोलते, ती चिनीत, ते चाललंय तेवढं ठीक.

अट घातली. लुगड्याला कात्री लावायची नाही. टाका घालायचा नाही. नेसवायचं.

दागिने म्हणे पांढऱ्या काचमण्यांचे करते, साखर इथल्या हवेत टिकणार नाही. मला राग आला. काचमणी भातुकलीला. म्हटलं, करायचं तर हलव्याचंच, मी करून देते. तू शिकवू नको मला.

मंगळवार, १८ डिसेंबर

हलवा मेला. पाऊस थांबत नाही, हवेत हात फिरवला तर ओला होतो. तिळावर पाक घातला तर गोळा. परत घातला, परत गोळा. शुभदाने तो चुरा करून खाऊन टाकू का विचारलं. तिला म्हटलं, खा.

शनिवार, २२ डिसेंबर

सापडलं. माझ्या खोलीचं दार लावलं, एअरकॉन सगळ्यात खाली केला, खिडकीच्या फटीत टॉवेल. विजेची शेगडी खाली जमिनीवर, वर परात. मी अंगावर शाल, डोक्याला अंत्याची जुनी कानटोपी. दाराबाहेर सिंगापूर, आत साताऱ्याची पौषातली थंडी.

अंत्या दार उघडून आत आला आणि तसाच उभा. "आई, हे काय चाललंय? बिल किती येईल?"

"दार लाव, थंडी जाते."

केती चमच्याने पाक सोडत होती, थेंब थेंब, मी बोटांनी तीळ फिरवत होते. आच मंद, बोट भाजलं पाहिजे पण फोड यायला नको. तिला सारखी घाई. म्हटलं, घाई झाली की दाणे चिकटतात, तुझा कावळा थांबेल. संध्याकाळी काटा आला. बारीक, पांढरा, पोराच्या दुधाच्या दातांसारखा. केती परातीवर वाकून बघत बसली.

मग म्हणते, "आजी, लंडनमध्ये एअरकॉन लागणार नाही याला."

म्हणजे जायचं हे ठरलंच मनात. परात उचलून ठेवली.

रविवार, ६ जानेवारी २००८

दोन आठवडे वहीला हात नाही. हात हलव्यात. हार झाला, बांगड्या झाल्या, कंबरपट्टा राहिलाय. केती दाणे गाठायला शिकली. तिची गाठ माझ्याहून घट्ट आहे, हे तिला सांगितलेलं नाही.

आज नेसवून बघितलं. नेसणार कोण, तर तिची मैत्रीण मेलिंग. ताडमाड उंच, कंबर म्हणून देवाने काही दिलेलंच नाही. लुगडं खोचायचं कुठे? मी ओढते, ती हसते, परत सुटतं. शेवटी ओचा असा आवळला की हसायची बंद झाली. काष्टा मागे घातला तर ओरडली, "आंटी, आय कॅन रन!" आणि खरंच हॉलमधून पळाली.

काळ्यात ती पोरगी बरी दिसली. एवढंच.

अंत्या आज पोरीला म्हणाला, तुझी निवड झालीच आणि आजी हो म्हणाली तर जा. माझ्यासमोर म्हणाला. बापाला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायला नको, म्हणून माझं तोंड. मी म्हटलं, माझं तोंड भाड्याने मिळत नाही. पण तो परत टीव्हीकडे वळलेला.

शुक्रवार, १८ जानेवारी

उद्या. दागिने सगळे डब्यात, तांदळात ठेवले होते. दुपारी बघते तर मुंग्या. या दहाव्या मजल्यावर मुंग्या चढतात कशा! झटकल्या, पुसल्या. डबा फ्रीजमध्ये ठेवला. मुंगी तिथे जात नाही.

शनिवार, १९ जानेवारी

लिहू का नको.

टॅक्सीने गेलो. डबा माझ्या मांडीवर, मेलिंग पुढे, केती खिडकीला नखं खात. फ्रीजमधून काढलेला डबा मांडीला गार लागत होता, तेव्हाही डोक्यात आलं नाही. कॉलेजात मागच्या खोलीत गर्दी, त्यातच लुगडं नेसवलं, दागिने घातले. पाच मिनिटं सुरेख. मग हाराला घाम फुटला. गार साखर आणि बाहेरची दमट हवा. मी पदराने टिपायला गेले तर दाणे पदरालाच चिकटले. केती नुसती बघत होती. बदलायला वेळ नाही, नाव पुकारलं.

मेलिंग चालत गेली आणि सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. गळ्यातून पाक उतरत होता. काळ्या लुगड्यावर पांढरे ओघळ, छातीपासून ओच्यापर्यंत. कंबरपट्टा एका बाजूने लोंबला. एक बांगडी पडली, आवाजही झाला नाही. मागे कोणीतरी खी करून हसलं.

कावळा आला. फोटोतला उंच वाटतो, खरा माझ्याएवढा आहे. म्हातारा, खोकतो, बोटाला पट्टी. बाकीच्यांपुढून भरभर आला होता, इथे थांबला. मेलिंगभोवती फिरला. काष्टा वाकून बघितला, मला लाज वाटली. मग हारातला एक दाणा तोडला आणि तोंडात टाकला!

विचारलं नाही, काही नाही. चावला. दुसरा तोडला. त्याने केतीला काही विचारलं, तिने माझ्याकडे बोट दाखवलं, तर आला की माझ्यासमोर.

म्हटलं, "हात धुतले होते का?"

केतीने त्याला काय सांगितलं देव जाणे. तो हसला, दात वाईट आहेत. बराच बोलला आणि गेला.

घरी आल्यावर केती चपला न काढता उभी राहिली.

"तू मुद्दाम फ्रीजमध्ये ठेवलंस ना? मी जाऊ नये म्हणून?"

मराठीत बोलली. एकही इंग्रजी शब्द नाही. एवढी स्वच्छ मराठी तिला येते हे आजच कळलं.

मी डबा घासायला घेतला. उत्तर का देऊ?

मुंग्या होत्या. खरंच होत्या.

रविवार, २० जानेवारी

केती हॉलमध्ये सोफ्यावर झोपली. खोलीत मी आणि कावळा.

चंद्रकळा बादलीत भिजवली. साखर गेली, डाग पूर्ण गेले नाहीत, छातीपाशी पांढुरके पट्टे राहिले. पिळून खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातली. नऊ वार काळं, खालच्या मजल्यापर्यंत लोंबतंय. थोड्या वेळात मिसेस टॅन वर, तोंड लाल. पुढच्या महिन्यात त्यांचं नवं वर्ष, दाराला लाल कागद लावून झालेत आणि तिच्या खिडकीवर माझं काळं. हातवारे करून सांगितलं. मला एकदम पटलं. काढून घेतलं. जाताना तिने दोन संत्री दिली. भांडायला आली होती की संत्री द्यायला, कळलं नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

कॉलेजातून फोन आला. केतीची निवड झाली.

केती ओरडली, शुभदा रडली, अंत्याने टीव्ही बंद केला. मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी ताक घुसळत होते, घुसळत राहिले.

सोमवार, २८ जानेवारी

केती परत खोलीत झोपायला आली. फ्रीजचं कोणी काढत नाही. ती माफी मागत नाही, मीही नाही.

कावळा तेव्हा काय बोलला ते आज विचारलं. म्हणाला म्हणे की ते मयताचं दुकान होतं ना, तिथे रडणाऱ्या पोरांसाठी बरणीत अशाच साखरेच्या गोळ्या असायच्या. तिथून सुटल्यावर ती चव परत आली नव्हती. म्हणजे माझा सौभाग्याचा हलवा त्याला मयताच्या गोळीसारखा लागला! आणि केती हे असं सांगते जसं काही मला बक्षीस मिळालं.

"तू हात धुण्याचं विचारलंस तेही मी सांगितलं त्याला."

"मग?"

"म्हणाला, नाही धुतले. सॉरी म्हणाला."

बरं.

आणखी एक निरोप आहे. कावळ्याने लिहून पाठवलंय की येताना ते लुगडं घेऊन ये. आणि कृपा करून धुऊ नका, डागांसकट हवंय.

"धुतलं," म्हटलं.

केती कपाळाला हात लावून बसली. मग हसायला लागली, थांबेचना. मीही थोडी. पण सांगून ठेवलं, डाग बघायचे तर त्याने स्वतःच्या बायकोच्या लुगड्यावर पाडावेत. म्हणे बायको नाही. वाटलंच होतं.

तिला विचारलं, तिथे गेल्यावर तू शिवशील त्यावर चिठ्ठी कोणाची? "त्याची. कोरी." म्हणजे ज्याचं नाव गेलं, त्याच्यासाठी माझी नात बिननावाचं शिवणार. केती नख चावत बसली. मग म्हणते, "पुढे माझं स्वतःचं केलं तर द्वारका नाव देईन."

काही नको. ते नाव शिजवून खाल्लं लोकांनी. तुझं तू बघ.

गुरुवार, ३१ जानेवारी

अंत्या सकाळी माझ्या पलंगावर येऊन बसला. किती वर्षांनी. "आई, शनिवारपर्यंत कळवायचंय त्यांना. तू काय म्हणतेस?"

"तू काय म्हणतोस?"

"मी तुझ्यावर सोडलंय."

"मला सिंगापूरला आणलंस तेव्हा कोणावर सोडलं होतंस?"

ऑफिसला उशीर होतो म्हणून उठला. दारात थांबला, म्हणाला, तुला इथे एकटं वाटेल दिवसभर. म्हटलं, मिसेस टॅन आहे. खोटं बोलले नाही.

लंडनच्या त्या थंडीत पोरीच्या अंगावर काय असेल? काळंच. तेवढं एक बरं, ऊब धरतं.

शनिवार, २ फेब्रुवारी

केती कॉलेजात गेली आहे. संध्याकाळी येईल आणि दारातूनच विचारेल, जाऊ का, मला माहीत आहे.

सकाळी चंद्रकळा घडी करून तिच्या बॅगेत ठेवली. दुपारी काढली. कावळ्याच्या हाती लुगडं लागलं तर तो कात्री लावणार, ही काळ्या दगडावरची रेघ. पाठ उघडी टाकेल. प्रेताला घालेल तसं कुठल्या तरी बाईला घालेल आणि बायका रांगा लावतील. मग परत ठेवली. परत काढली. आता पलंगावर आहे, छातीचा डाग वर करून.

पलंग पुन्हा होता तसा फिरवून घेतलाय. फोटोतला मेला अजून तिरका बघतो.

दुपारपासून एअरकॉन चालू आहे, शाल घेऊन बसले आहे. तीळ भाजून ठेवलेत, पाक केलेला नाही. केती म्हणते लंडनला याहून थंडी असते, हवा कोरडी. मग काटा चांगला येईल. पण तिचा हात अजून घाई करतो, दाणे चिकटवेल. शेजारी बसून कोणी तरी ओरडायला हवं.

लिफ्टचं दार वाजलं.